शॉवरचा नवा डायव्हर्टर: भिंत बुजवण्याआधी काय पाहायचे?

बाथरूमचे नूतनीकरण निघाले की दुकानात सगळ्यात जास्त वेळ जातो तो शॉवरच्या दिसणाऱ्या भागावर. हँडल काळे घ्यायचे की सोनेरी, वरचा शॉवर गोल हवा की चौकोनी, यावर घरात चर्चा रंगते. ज्या पितळी बॉडीवर हे सगळे अवलंबून असते ती मात्र बिलात एका ओळीत येते आणि आठवड्याभरात भिंतीत गाडली जाते. तिच्यावर सिमेंटचा थर बसतो, मग वॉटरप्रूफिंग, मग टाइल. त्यानंतर तिला जोडलेला एखादा सांधा झिरपू लागला, तर तिथपर्यंत पोहोचण्यासाठी टाइल फोडावीच लागते. शिवाय ही गळती ज्याच्या घरात असते त्याला ती बहुधा दिसत नाही. ती दिसते खालच्या मजल्यावरच्या घराला, छतावर उमटलेल्या ओलीच्या डागातून.

पाइप जोडणे हे प्लंबरचे काम आहे आणि ते त्यानेच करावे. पण भिंत उघडी असते त्या तीन-चार दिवसांत घरमालकाने काय विचारायचे, काय मोजायचे आणि काय स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, याची माहिती असली तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

भिंतीत नेमके काय बसते?

आपल्याकडे शॉवरसाठी मुख्यतः दोन प्रकार वापरले जातात. पहिला जुना, ओळखीचा वॉल मिक्सर. भिंतीतून गरम आणि गार पाण्याचे दोन पॉइंट एकमेकांपासून १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांवर बाहेर काढलेले असतात. त्यांवर दोन वाकड्या लेग बसतात आणि लेगवर मिक्सर. सगळी यंत्रणा भिंतीबाहेर असते. काही बिघडले तर पाना लावून अख्खा मिक्सर उतरवता येतो. पॉइंटच्या अंतरात थोडी चूक झाली तरी लेग फिरवून ती सांभाळून घेता येते.

दुसरा प्रकार कन्सील्ड डायव्हर्टर. यात पितळी बॉडी भिंतीच्या आत राहते आणि बाहेर फक्त एक तबकडी आणि हँडल दिसते. बॉडीला साधारण चार तोंडे असतात. समोर उभे राहिल्यावर डावीकडून गरम पाणी आत येते, उजवीकडून गार. वरच्या तोंडातून पाणी शॉवरकडे जाते आणि खालच्या तोंडातून बादलीच्या नळाकडे, म्हणजे स्पाउटकडे. मधोमध कार्ट्रिज असते. त्यात एकमेकांवर घासत सरकणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या असतात. हँडल उचलले की पाणी सुरू होते, डावीकडे-उजवीकडे फिरवले की गरम-गारचे प्रमाण बदलते. पाणी शॉवरला द्यायचे की स्पाउटला, हे दुसरे बटण ठरवते.

हे कार्ट्रिज समोरून काढता येते. काही वर्षांनी नळ ठिबकू लागला तर तबकडी उतरवून ते बदलता येते आणि टाइलला हात लावावा लागत नाही. म्हणजे डायव्हर्टर भिंतीत आहे म्हणून धोका आहे, असे नाही. धोका त्याच्या चार तोंडांना जोडलेल्या पाइपांत आणि सांध्यांत असतो. ते समोरून कधीच हाताला लागत नाहीत.

वॉल मिक्सरला जुनाट समजण्याचेही कारण नाही. भाड्याचे घर, पातळ भिंती, चाळीस वर्षांची इमारत किंवा लवकरच पुनर्विकासाला जाणारी सोसायटी असेल, तर तोच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

आधी दाब मोजा, मग खरेदी करा

हॉटेलच्या शॉवरसारखा धो-धो शॉवर घरी का येत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा गच्चीवरच्या टाकीत असते. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असला की त्याचा दाब साधारण १ बार होतो. शॉवरचे तोंड आणि टाकीतील पाणी यांच्यात तीन मीटरचाच फरक असेल, तर मिळणारा दाब ०.३ बार. सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची हीच स्थिती असते. त्याच इमारतीत सहा-सात मजले खाली राहणाऱ्याला सुमारे २ बार मिळतात. दोघांनी एकच डायव्हर्टर घेतला, तर एकाकडे पाऊस पडेल आणि दुसऱ्याकडे पागोळी.

डायव्हर्टरच्या माहितीपत्रकात लागणारा किमान दाब दिलेला असतो. सिंगल लिव्हर कार्ट्रिजमधून पाण्याला वळणे घेत जावे लागते, त्यामुळे कमी दाबावर ते फारसे पाणी सोडत नाही. दाब कमी असेल तर जास्त रुंद मार्गाचा, पाऊण इंची तोंडांचा ‘हाय फ्लो’ डायव्हर्टर घ्यावा आणि त्याच्यापर्यंतची लाइनही पाऊण इंचीच टाकावी. पाऊण इंची डायव्हर्टरला अर्ध्या इंची लाइन जोडली, तर जादा मोजलेले पैसे वाया जातात. उंच टॉवरमध्ये याच्या उलट अडचण असते. तिथे खालच्या मजल्यांवर दाब इतका वाढतो की तो उतरवण्यासाठी प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह लावावे लागतात.

दाब वाढवण्यासाठी घरात छोटा पंप लावायचा असेल तर तो कुठे लावला जातो, याला फार महत्त्व आहे. पंपानंतर लाइनचे दोन फाटे फुटले पाहिजेत, एक गिझरकडे आणि एक थेट डायव्हर्टरकडे. पंप फक्त गार पाण्याच्या फाट्यावर बसवला तर गार पाणी जोर करून मिक्सरमधून गरम पाण्याच्या लाइनमध्ये घुसते. मग हँडल कितीही डावीकडे नेले तरी कोमटच पाणी येते आणि दोष बिचाऱ्या गिझरला दिला जातो.

गिझरचा हिशेबही याच टप्प्यावर करून टाकावा, कारण तो भिंत बंद झाल्यावर बदलत नाही. स्वयंपाकघरात लावतात तसा ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला सुमारे दोन लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकतो. बादली भरायला ते पुरते. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर लागतात, तिथे ते अपुरे पडते. १५ लिटरच्या स्टोरेज गिझरमध्ये ६० अंशांचे पाणी असेल आणि गार पाणी २५ अंशांचे असेल, तर ४० अंशांचे अंघोळीचे पाणी मिळून साधारण ३५ लिटर तयार होते. म्हणजे दहा लिटरच्या शॉवरखाली साडेतीन मिनिटे. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण टाकीत गार पाणी शिरत राहते आणि उरलेले पाणी निवते. भला मोठा रेन शॉवर घेताना हा आकडा कुणी सांगत नाही.

पाइप कोणता?

जुन्या इमारतींत जी.आय. म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप असतात. ते आतून गंजतात, त्यांचा पोकळ भाग वर्षागणिक अरुंद होत जातो आणि गंजाचे पापुद्रे पाण्याबरोबर येतात. नवा डायव्हर्टर अशा जुन्या तुकड्याला जोडणे म्हणजे नव्या कार्ट्रिजला पहिल्या दिवसापासून गंज चारणे. बाथरूम उघडले असेल तर निदान बाथरूममध्ये शिरणाऱ्या मुख्य व्हॉल्व्हपासून पुढचा सगळा पाइप बदलून घ्यावा.

नव्या कामात आज घरोघरी दिसतो तो फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप. पांढरा यूपीव्हीसी त्याचा भाऊच, पण तो फक्त गार पाण्यासाठी. गरम पाण्याने तो मऊ पडतो. दोन्ही एकाच दुकानात, एकाच कोपऱ्यात उभे असतात, म्हणून भिंतीत गेलेल्या पाइपवरची छापील अक्षरे एकदा वाचावीत. सीपीव्हीसी पाइपवर भारतीय मानक आयएस १५७७८ आणि ‘एसडीआर ११’ किंवा ‘एसडीआर १३.५’ असे लिहिलेले असते. एसडीआरचा आकडा जितका लहान, तितकी पाइपची भिंत व्यासाच्या मानाने जाड. एसडीआर ११ पाइप खोलीच्या तापमानाला ४०० पीएसआय दाब सोसतो, पण ८२ अंशांच्या पाण्याला तोच पाइप १०० पीएसआयच सोसतो. गरम लाइनला जाड पाइप मागायचा तो यासाठी. भिंतीत जाणाऱ्या कामात दोन्ही लाइनींना तोच वापरला तर गोंधळाला जागाच राहत नाही.

सीपीव्हीसी तापला की लांब होतो. तीन मीटरचा सरळ तुकडा ४० अंशांनी तापला तर सात मिलिमीटरच्या आसपास वाढतो. चरात त्याला सिमेंटने दोन्ही टोकांशी घट्ट आवळले तर हा ताण एल्बोवर येतो. लांब गरम लाइनला एखादे वळण दिलेले असावे आणि पाइपाभोवती फोमची नळी चढवलेली असावी. उष्णताही त्यामुळे टिकते.

आणखी एक साधी बाब. गिझर डायव्हर्टरपासून जितका लांब, तितके गार पाणी आधी वाहून जाते. पाऊण इंची पाइपात मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावते. गच्चीवरच्या सोलर हीटरपासून वीस मीटर लाइन असेल, तर गरम पाणी येईपर्यंत दरवेळी पाच लिटर पाणी जाते. उन्हाळ्यात आठवड्याला टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे पाणी बादलीत धरलेलेच बरे.

दहा मिलिमीटरची गोष्ट

डायव्हर्टर बसवण्यात सगळ्यात जास्त चुका खोलीच्या बाबतीत होतात. आणि त्या प्लंबरच्या एकट्याच्या नसतात. प्लंबर बॉडी बसवतो तेव्हा टाइल आलेली नसते, टाइल लावणारा येतो तेव्हा प्लंबर गेलेला असतो.

बॉडीवर प्लास्टिकचे एक टोपण असते. त्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा. हा पट्टा वीस-पंचवीस मिलिमीटरचाच असतो. टाइल कमाल रेघेच्या बाहेर आली, तर बॉडी फार आत राहते आणि हँडल कार्ट्रिजपर्यंत पोहोचत नाही. टाइल किमान रेघेच्या आत राहिली, तर बॉडी बाहेर डोकावते आणि तबकडी भिंतीला टेकत नाही. काही मॉडेलना लांबी वाढवणारा जोड मिळतो, पण सर्वांना नाही. बाहेर आलेल्या बॉडीला तर भिंत फोडण्याखेरीज उपाय नसतो.

म्हणून हिशेब विटेपासून सुरू करावा. समजा, टाइलमागचा गिलावा १५ मिलिमीटर, चिकटवण्याचा ॲडहेसिव्ह ५ आणि टाइल ९. विटेपासून तयार पृष्ठभाग २९ मिलिमीटर बाहेर येणार. तीच टाइल जुन्या पद्धतीने सिमेंटच्या मालावर लावली तर हा आकडा सहज दहा मिलिमीटरने वाढतो. तेव्हा टाइल कोणती आणि ती कशावर लावणार, हे बॉडी बसवण्याआधी ठरलेले असायला हवे. टाइलचा एक तुकडा हातात धरून, चराच्या दोन्ही बाजूंना गिलाव्याचे ठिय्ये करून, त्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवून रेघा तपासाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

बॉडी पाणसळीत हवी, नाहीतर तबकडी तिरकी दिसते आणि चौकोनी तबकडी तर जरा जास्तच. ती भिंतीला स्क्रूने किंवा पट्टीने घट्ट धरलेली असावी. नुसत्या मालाच्या गोळ्यावर टेकवलेली बॉडी पुढे हँडलच्या रोजच्या ओढाताणीने हलते आणि तो हलण्याचा ताण सांध्यांवर जातो.

उंची मोजायची ती आजच्या स्लॅबपासून नव्हे, तयार फरशीपासून. वॉटरप्रूफिंग, कोबा आणि फरशी यांनी जमीन बरीच वर येते. म्हणून भिंतीवर तयार फरशीपासून एक मीटरची लेव्हल रेघ आधी मारून घ्यावी. डायव्हर्टर साधारण १०५० ते ११०० मिलिमीटरवर, शॉवरचा आर्म २१०० च्या आसपास आणि स्पाउट सहा-साडेसहाशेवर, ही सर्वसाधारण मापे. घरातल्या उंच माणसासाठी आर्म वर न्यावा आणि स्पाउटखाली आपली नेहमीची बादली मगासकट बसते का, ते प्रत्यक्ष ठेवून बघावे.

कुठल्या भिंतीत चर मारायचा नाही?

डायव्हर्टरच्या बॉडीला मॉडेलनुसार साठ ते ऐंशी मिलिमीटर खोली लागते. फ्लॅटमधली आतली भिंत बहुतेक वेळा चार इंची असते. त्यात एवढा खड्डा केला की मागे पातळ पापुद्रा उरतो आणि पलीकडे बेडरूम असेल तर तिथला गिलावा निघतो. अशा ठिकाणी मूळ भिंतीसमोर कमरेच्या किंवा पूर्ण उंचीची आणखी एक पातळ भिंत उभी करून तिच्यात बॉडी आणि पाइप घेतात. बाथरूमची चार इंच जागा जाते, पण वर साबण-शांपूला फळी मिळते.

कॉलम, बीम आणि आरसीसीच्या भिंती यांत चर मारायचाच नाही. गेल्या काही वर्षांतल्या अनेक टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात. बांधकामाच्या बोलीत त्याला ‘मायवान’ म्हणतात. तिथे विटांची भिंत जवळपास नसतेच. बाथरूमची भिंतही इमारतीचा भार पेलत असते. वरवर सारख्याच दिसणाऱ्या या भिंतीला कटर लावला की सळई उघडी पडते, आणि ओलसर जागेत उघडी सळई गंजत जाते. खिळा ठोकून पाहिला, तो वाकला आणि भिंतीचा आवाज बद्द आला, तर काम थांबवून सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून नकाशा मागवावा.

सांधा कसा जोडतात

सीपीव्हीसीचा सांधा सॉल्व्हंट सिमेंटने जोडतात. हे चिकटवणे नव्हे. सॉल्व्हंट पाइप आणि फिटिंग दोघांचेही पृष्ठभाग क्षणभर विरघळवते आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. म्हणून घाई आणि घाण दोन्ही चालत नाही. पाइप काटकोनात कापलेला हवा, कडेचा चुरा काढलेला हवा, फिटिंग आतून कोरडे हवे. सिमेंट न लावता पाइप घालून पाहिला तर तो फिटिंगच्या तळाच्या आधीच अडकायला हवा. सहज तळापर्यंत गेला तर माप सैल आहे. सिमेंट लावल्यावर पाइप घालून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, कारण तो मागे सरकायला बघतो. डब्यातले सिमेंट घट्ट, चिकट झाले असेल तर डबा फेकून द्यावा. पातळ करून वापरू नये. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ साठते आणि ती पेट घेऊ शकते, तेव्हा काम चालू असताना बिडी-सिगारेट बाहेरच.

डायव्हर्टरला मात्र आटे असतात. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी आटे आवळले की प्लास्टिक तडकते, कधी लगेच तर कधी सहा महिन्यांनी. म्हणून डायव्हर्टरच्या प्रत्येक तोंडाशी पितळी आटे असलेलेच सीपीव्हीसी फिटिंग लावायला सांगावे. किंमत थोडी जास्त असते. वाचवायची जागा ही नव्हे. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. सुतळी आणि सफेदा लावण्याची जुनी सवय लोखंडी पाइपांची आहे. जाड सुतळीने फिटिंग ताणले जाते, आणि तेलकट लेप सीपीव्हीसीला मानवत नाही.

गिझरच्या तोंडाशी थेट सीपीव्हीसी नको. तिथे स्टीलच्या जाळीची लवचिक जोडनळी हवी. गिझरच्या गार पाण्याच्या तोंडावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह येतो, तो काढून ठेवण्याचा किंवा त्याचे ठिबकणारे तोंड बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. तापलेले पाणी फुगते आणि जादा दाब तिथून सुटतो. हे काम सुरू करताना गिझरचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद केलेला असावा.

एखादे तोंड वापरायचेच नसेल, समजा स्पाउट नकोच आहे, तर त्यावर पितळी प्लग लावावा. प्लास्टिकचा डमी चाचणीपुरता असतो, कायमचा भिंतीत गाडण्यासाठी नाही.

गरम डावीकडे, आणि गारमध्ये गरम

गरम डावीकडे आणि गार उजवीकडे, ही रीत पाळली नाही तर साध्या सिंगल लिव्हरमध्ये एवढेच होते की लाल खुणेकडे फिरवल्यावर गार पाणी येते. पाहुण्याला मात्र चटका बसू शकतो. ६० अंशांच्या पाण्याने सुमारे पाच सेकंदांत खोल भाजते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहूनही लवकर. तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटिक डायव्हर्टरमध्ये उलटी जोडणी झाली तर तो नीट चालतच नाही. त्याचे बटण साधारण ३८ अंशांवर अडते आणि मुद्दाम खटका दाबल्याशिवाय पुढे जात नाही. घरात वयस्कर व्यक्ती असेल आणि दाब पुरेसा असेल तर त्यावर खर्च करण्यासारखा आहे.

काही घरांत बेसिनच्या गार नळातून मध्येच गरम पाणी येते. कारण बहुधा हँड शॉवरच्या बटणात सापडते. डायव्हर्टर चालू ठेवून पाणी हँड शॉवरच्या बटणाने बंद केले, तर आत गरम आणि गार दोन्ही वाटा उघड्याच राहतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. ज्या बाजूचा दाब जास्त, ते पाणी दुसऱ्या बाजूला शिरते. पाणी नेहमी मुख्य हँडलने बंद करावे. काम चालू असतानाच दोन्ही लाइनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकले तर प्रश्नच मिटतो. पण ते अशा जागी हवेत, जिथे हात पोहोचतो.

चाचणी, आणि तिच्यात राहून जाणारा पाइप

‘लाइन चालू करून पाहिली, कुठे गळत नाही’ हे वाक्य चाचणी म्हणून पुरेसे नाही. टाकीच्या दाबावर सूक्ष्म गळती तासाभरात दिसत नाही. रीतसर चाचणी हातपंपाने होते. शेवटचा सांधा जोडून एक दिवस गेल्यावर सगळ्या तोंडांवर डमी लावायचे, गिझरच्या दोन पॉइंटना एका जोडनळीने जोडून गरम-गार लाइन एक करायची, पाणी भरायचे, सर्वात उंच तोंडातून हवा काढून टाकायची आणि पंपाने दाब नेहमीच्या दाबाच्या दीडपट करायचा. मग काटा पाहत थांबायचे. सुरुवातीला तो किंचित खाली येतो, कारण पाइप थोडा ताणला जातो. त्यानंतर तो स्थिर राहायला हवा. शक्य असेल तर रात्रभर तसाच ठेवावा. दाब पाण्यानेच द्यावा, हवेने नाही. हवेने फुगवलेला प्लास्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात.

या चाचणीत एक पाइप नेहमी सुटतो. डायव्हर्टर बंद असताना दाब फक्त त्याच्या दोन आत येणाऱ्या तोंडांपर्यंत पोहोचतो. वर शॉवरला जाणारा उभा पाइप आणि खाली स्पाउटला जाणारा पाइप तेव्हा रिकामे असतात. काटा स्थिर राहतो, सगळे खूश होतात, भिंत बंद होते, आणि गळका सांधा नेमका त्या उभ्या पाइपात निघतो. तो फक्त शॉवर चालू असताना गळतो, दिवसाला दहा-पंधरा मिनिटे, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून शॉवरच्या आणि स्पाउटच्या तोंडावर डमी लावून डायव्हर्टर उघडावा आणि पाणी दोन्ही मार्गांना दिलेले असताना दाब तपासावा. काही बॉडींसोबत कार्ट्रिजऐवजी लावायचे चाचणीचे टोपण येते. ते असेल तर चारही वाटा एकदम तपासल्या जातात.

टोपण असो वा नसो, कार्ट्रिज बसवण्याआधी लाइन एकदा मोकळी सोडून धुऊन काढावी. पाइप कापतानाचा चुरा आणि वाळूचे कण सिरॅमिकच्या चकत्यांत अडकले की नवाकोरा डायव्हर्टर पहिल्या आठवड्यातच ठिबकतो.

भिंत बंद करताना

चाचणी झाल्यावर चर बुजवायचा, त्यावर जाळी मारून गिलावा करायचा, म्हणजे चराच्या रेघेवर तडा जात नाही. मग वॉटरप्रूफिंग. जमिनीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवण्याची चाचणी वेगळी, ती फरशीखालच्या थराची असते. पाइपाची चाचणी तिच्यात धरू नये.

टाइल लागल्यावर तबकडीच्या कडेला सिलिकॉन भरतात. वर आणि दोन्ही बाजूंना भरावे, खालची कड थोडी मोकळी ठेवावी. आत कधी पाणी गेलेच तर ते त्या फटीतून बाहेर येते आणि मालकाला दिसते. शॉवरचा आर्म भिंतीतल्या एल्बोत नीट टेप लावून बसवावा, आणि तो लोंबकळण्याचा दांडा नाही हे मुलांना सांगून ठेवावे.

पुढे कधी खालून ओलीची तक्रार आलीच, तर फोडाफोडीआधी एक साधी परीक्षा करता येते. दोन-तीन दिवस ते बाथरूम वापरायचे नाही, पण पाण्याची लाइन चालूच ठेवायची. ओल वाढतच राहिली, तर दोष सतत दाबाखाली असलेल्या लाइनमध्ये, म्हणजे डायव्हर्टरच्या आधी असण्याची शक्यता जास्त. वापर बंद केल्यावर ओल सुकू लागली, तर संशय शॉवरचा उभा पाइप, स्पाउट, सांडपाण्याची लाइन किंवा वॉटरप्रूफिंग यांच्यावर जातो.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने पाहायची असते, तर घराच्या आतल्या शौचालय-सिंकसारख्या गळतीचा खर्च सदस्याचा. म्हणजे डायव्हर्टरमागचा सांधा गळला तर खालच्याच्या छताचा रंगही बहुधा वरच्याच्याच खिशातून जातो. नूतनीकरणाआधी संस्थेला लेखी कळवणे आणि मुख्य लाइन कधी बंद लागेल ते ठरवून घेणे, हे त्याच व्यवहारात येते.

चर बुजवण्याच्या दिवशी आणखी एक काम उरते. उघड्या भिंतीचे फोटो काढावेत, प्रत्येक भिंतीचा एक, पाइपाशेजारी मोजपट्टी धरून. फरशीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे हे फोटोत वाचता आले पाहिजे. ते फोटो, बॉडीचा मॉडेल क्रमांक आणि कार्ट्रिजची पावती घराच्या कागदपत्रांत एकत्र ठेवावी. आठ-दहा वर्षांनी टॉवेलचा दांडा लावायला कुणीतरी ड्रिल घेऊन येईल, तेव्हा पहिली विचारणा त्या फोटोंचीच होईल.